चेहरा बघितल्याशिवाय डबा नाही

दार मी उघडलं, डबा घ्यायला हात पुढे केला, तर बाईंनी डबा स्वतःच्या पोटाशी धरला.

“आप्पासाहेब कुठे आहेत?”

“आत पडलेत. द्या ना, मी देते त्यांना.”

“तुम्ही कोण?”

माझ्याच घराच्या दारात, माझ्याच पायपुसण्यावर उभं राहून मला हा प्रश्न विचारला जात होता. अंगात ताप होता म्हणून मी त्या दिवशी कामावर गेले नव्हते, आणि तापात माणूस जरा लवकरच चिडतं. “मी त्यांची सून,” मी म्हटलं, “आणि हे माझं घर आहे.”

“छान. पण तुमच्या हातात नाही देता येणार. चेहरा दिसला पाहिजे.”

मी काही बोलणार तेवढ्यात आतून सपाता फरफटत आप्पा आले. एरवी चार हाका मारल्याशिवाय न उठणारे माझे सासरे केस पाण्याने बसवून, सदऱ्याची सगळी बटणं लावून आले होते. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आधी डोळ्यांकडे, मग पायांकडे, मग परत डोळ्यांकडे. मग डबा त्यांच्या हातात दिला.

“दिसला. जेवा आता,” म्हणाल्या, आणि पांढऱ्या बुटांचा चुईचुई आवाज करत जिन्याने खाली गेल्या.

निर्मलामावशींशी माझी ही पहिली भेट. वरच्या मजल्यावरच्या कुणी बाई आप्पांना दुपारचा डबा देतात, हे मला ऐकून माहीत होतं. मला वाटलं होतं, असतील कुणी पुण्यवान, वेळ जात नसेल. त्या दिवशी कळलं की प्रकरण वेगळं आहे.

आमची इमारत फरीज बिन ओमरानमधली, खाली बकाला म्हणजे किराणा दुकान आणि लाँड्री असलेली, दोह्यात शेकड्याने असतात तशीच. सकाळी शाळांच्या बस येतात, कंपन्यांच्या गाड्या येतात, आणि आठ वाजेपर्यंत सगळी इमारत रिकामी होते. उरतात ते आईवडील. कुणी नाशिकचे, कुणी रत्नागिरीचे, कुणी केरळचे, कुणी लाहोरचे. मुलांनी प्रेमाने फॅमिली व्हिसावर आणलेले, एसीच्या खोलीत ठेवलेले, रिमोट हातात दिलेले. बाहेर पाय टाकावा तर ऊन, आणि ऊन नसेल तेव्हा धूळ. बसायला पार नाही, टेकायला कट्टा नाही. घरात सगळं असतं, फक्त बोलायला माणूस नसतं.

सासूबाई गेल्या तेव्हा नाशिकच्या फ्लॅटला कुलूप लावून आम्ही आप्पांना इकडे आणलं. आप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी त्यांनी स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी आली आणि कुठली सुटली हे पुकारण्यात घालवली होती. आमच्या घरी ना काही यायचं, ना काही सुटायचं. मी सकाळी पोळ्या हॉटकेसमध्ये घालून जायचे आणि संध्याकाळी त्याच पोळ्या कडक होऊन मला भेटायच्या. “भूक नव्हती,” आप्पा म्हणायचे. मी रागावले, माझा नवरा प्रशांत रागावला, आमच्या लेकीने, इराने “आजोबा, यू हॅव टू ईट” असं बजावून सांगितलं. आप्पा मान हलवायचे आणि जेवायचे नाहीत. गालाची हाडं दिसायला लागली होती.

मावशींना ते सापडले लिफ्टमध्ये. मावशी खाली निघाल्या होत्या आणि आप्पा आत उभे होते. खाली पोचल्यावरही ते उतरले नाहीत. मावशी बकाल्यातून दही घेऊन परत आल्या, तर आप्पा अजून आतच.

“कुठल्या मजल्यावर जायचंय आपल्याला?” मावशींनी विचारलं.

“कुठल्याच नाही,” आप्पा म्हणाले. “दार उघडलं की कुणी तरी येतं आत. बरं वाटतं.”

दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला.

निर्मलामावशी मूळच्या साताऱ्याच्या. लग्न होऊन अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लहान गावात गेल्या आणि उभं आयुष्य तिथेच काढलं. मुलगा निखिल तिथलाच, गॅसच्या प्रकल्पावर इंजिनियर. कतारमध्ये काम मिळाल्यावर तो आईला घेऊन आला. सत्तरी ओलांडलेली बाई, पण अंगात कॉटनचा कुर्ता, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, गळ्यात किल्ल्यांची पट्टी आणि खांद्याला एक मोठी लाल पिशवी, आतून चंदेरी अस्तर असलेली, जेवण गरम ठेवणारी. बोलणं मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या साताऱ्याचं. “अगबाई”, “इश्श”, “काय मेलं ऊन” असले शब्द मी कित्येक वर्षांनी त्यांच्या तोंडून ऐकले, आणि मध्येच “ओके, हनी?” असं ऐकलं. हे हनी त्यांनी आमच्या पठाण शेजाऱ्यालाही म्हटलं होतं. तो बिचारा तेव्हापासून त्यांना बघून जिन्याने जायचा.

त्या गावात मावशी एका सरकारी केंद्रात काम करायच्या. ज्या म्हाताऱ्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांना दुपारचं गरम जेवण पोचवायचं. आधी स्वयंपाकघरात, मग गाडीवर. मला हे सगळं ऐकायला फार आवडायचं, कारण अमेरिका म्हटल्यावर आपल्याला उंच इमारती आठवतात, आणि मावशींची अमेरिका म्हणजे बर्फात अडकलेली गाडी आणि दाराआड खोकणारी म्हातारी.

“जेवण हे निमित्त असतं, मेधा,” त्या म्हणायच्या. “सरकार म्हातारीला डबा पाठवतं म्हणजे काय करतं? रोज कुणाला तरी तिच्या दारात उभं करतं. म्हणून दाराशी ठेवून यायचं नाही. दुधाची पिशवी दाराशी ठेवतात. माणसाचं जेवण हातात द्यायचं.”

एकदा थंडीत एका म्हाताऱ्याने दार उघडलं नाही. पूर्वीचा ट्रक ड्रायव्हर, एकटा राहणारा. मावशींनी घंटा वाजवली, खिडकीवर टकटक केलं, मग ऑफिसला फोन लावला. दार उघडून आत गेले तर तो न्हाणीघरात पडलेला, आदल्या संध्याकाळपासून, जिवंत. “मी डबा ठेवून गेले असते,” मावशी म्हणाल्या, “तर दुसऱ्या दिवशी दारात दोन डबे दिसले असते, एवढंच.”

आमच्या इमारतीत त्यांनी हेच काम सुरू केलं होतं, कुणी सांगितलेलं नसताना. आप्पा होते, दुसऱ्या मजल्यावरच्या नूरबीखाला होत्या, आणि कधी कुणी आजारी पडलं तर ते. नूरबीखाला रत्नागिरीच्या. गुडघ्यांनी जखडलेल्या. सून बँकेत, मुलगा बंदरावर. त्या स्वतः उत्तम स्वयंपाक करत, त्यांना डब्याची काही गरज नव्हती. “मी डबा कशाला घेताव माहित हाय?” त्या मला एकदा म्हणाल्या. “ही बाय दारात येऊन माझ्या तोंडाकडं बघते ना, त्याच्यासाठी. माझ्या तोंडाकडं दुसरा कोण बघतो गो?”

आप्पांनी तर मावशींना नावच ठेवलं, साडेअकराची. “साडेअकराची आली का?” “साडेअकराची आज लेट आहे.” गाडी येणार म्हटल्यावर फलाटावर माणसाने तयार असायला हवं, म्हणून आप्पा अकरालाच केस विंचरून बसू लागले. आणि ते जेवू लागले. मी संध्याकाळी घरी यायचे तर ओट्यावर डबा धुऊन पालथा घातलेला असायचा. तो पालथा डबा बघून मला किती हायसं वाटायचं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथेच सांगते.

मावशींची एक गोष्ट मला कधी विसरता येणार नाही. अमेरिकेत पुष्कळ गरीब मुलांना शाळेत जेवण फुकट मिळतं. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्या मुलांनी खायचं काय? म्हणून सुट्टीत बागेत टेबलं मांडून मुलांना जेवण देतात. मावशी तिथेही जायच्या. नियम असा की जेवण मुलांसाठी, आणि मुलांनी ते तिथेच बसून खायचं. घरी न्यायचं नाही.

“एक मुलगा होता,” मावशी सांगत होत्या. “अर्धं सँडविच खायचा आणि अर्धं मोज्यात घालायचा. रोज. घरी आजी होती. मला दिसायचं.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे, हसायचे, आणि दुसरीकडे जायचे. चेहरा बघायचा गं, मोजे बघायचे नाहीत.”

हे सांगताना त्या आमच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या, आणि टेबलाशी जेवता जेवता आप्पाही ऐकत होते. बसा म्हटलं तर बसायच्या नाहीत. चहा विचारला तर “आत्ताच झाला.” लाडू पुढे केला तर “नको, खरंच नको.” मला वाटायचं, संकोच असेल. तो संकोच नव्हता, तोही नियमच होता, आणि त्या नियमाने मोठा घोटाळा केला.

झालं असं, की नाशिकहून कुणी तरी येताना आप्पांसाठी बेदाण्यांची पिशवी घेऊन आलं. माझी शाळेची नोकरी, त्या आठवड्यात सहामाहीची सुट्टी होती, म्हणून मी घरीच होते. आप्पांनी जेवून डबा धुतला, पुसला, आणि त्यात दोन मुठी बेदाणे घातले. दुसऱ्या दिवशी साडेअकराला मोठ्या समारंभाने तो मावशींच्या हातात दिला. मावशींनी डब्याचं वजन हातावर तोललं, झाकण उघडलं, आणि बेदाणे आप्पांच्या ओंजळीत परत ओतले.

“हे नाही चालत, आप्पासाहेब. आम्ही कुणाकडून काही घेत नाही.”

“आम्ही म्हणजे कोण?” आप्पांनी विचारलं.

“म्हणजे… डबा देणारे.”

आप्पांचा चेहरा एकदम उतरला. ओंजळीतले बेदाणे तसेच घेऊन ते आत गेले. त्या दिवशीचा डबा त्यांनी उघडला नाही. संध्याकाळी प्रशांत आल्याआल्या त्याला म्हणाले, “मी काय अन्नछत्रात बसलोय? तुझ्या आईने आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत दिलं नाही. साखर नसली तर चिमूटभर रवा घातला, पण रिकामं नाही. ही बाई मला भिकाऱ्यांच्या रांगेत बसवते.”

“आप्पा, त्यांचा तसा हेतू नसेल हो,” प्रशांत म्हणाला.

“मला नाशिकचं तिकीट काढून दे.”

नाशिकला काय होतं? कुलूप लावलेला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सासूबाईंचा फोटो, आणि शेजारचे कुलकर्णी, तेही आता मुलाकडे राहायला गेलेले. आप्पांचं हृदय कमजोर, साखर वरखाली. तिथे ते चार घास करून खातील हे शक्यच नव्हतं, आणि न्हाणीघरात पडले तर कुणाला कळलंही नसतं. मी सारखी त्या ट्रक ड्रायव्हरचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला घंटा वाजली. आप्पा दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. “उघडायचं नाही,” मला म्हणाले. मी सून, आणि ते सासरे. बाहेरून हाक आली, “आप्पासाहेब?” आप्पा गप्प. थोडा वेळ बूट चुईचुई वाजले, मग जिन्याकडे गेले. डबा दाराशी ठेवलेला नव्हता, हे सांगायला नकोच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही दिवशी तेच. आप्पा दुपारी जेवत नव्हते आणि रात्री आमच्यासमोर जेवल्यासारखं करत होते. प्रशांतने विमानांच्या वेळा बघायला सुरुवात केली.

शेवटी नूरबीखाला वर आल्या. काठी टेकत, धापा टाकत, लिफ्टमधून बाहेर पडल्या तेव्हा मावशी आमच्या बंद दारासमोर उभ्या होत्या. मी आतून दाराच्या भोकातून बघत होते.

“अगो निर्मला,” खाला म्हणाल्या, “तू रोज देतंस, आमी रोज घेताव. आमचा तुला कायच नको? मंग आमी कोण गो तुझे?”

मावशी पाठीने भिंतीला टेकल्या आणि हळूहळू तशाच खाली फरशीवर बसल्या. बसा बसा म्हणून आम्ही थकलो होतो, त्या अशा बसल्या.

“तिथे लोक काय काय द्यायचे, नूरबी,” त्या म्हणाल्या. बंद दारातून मला सगळं ऐकू येत होतं, आणि खुर्चीवर आप्पांनाही. “एका म्हातारीने लग्नातली अंगठी माझ्या हातात कोंबली होती. डब्याच्या बदल्यात. ज्यांच्याकडे काही नसतं ना, ते असलेलं सगळं देऊन टाकतात. म्हणून तो नियम. काही घ्यायचं नाही. मला पटला होता तो.” मग म्हणाल्या, “मीही एकदा घेतलं होतं. निखिल तान्हा होता तेव्हा हे गेले. दवाखान्यातून बाळबाळंतिणीसाठी दुधाची नि अंड्यांची कुपनं मिळायची. साताऱ्याला कळू दिलं नाही मी. त्यानंतर कुणाकडून म्हणून काही घेतलं नाही. आता सवयच गेली हो. कुणी काही दिलं की हात मागे जातो.”

आप्पा उठले. खुर्ची बाजूला केली आणि दार उघडलं. फरशीवर बसलेल्या मावशींकडे त्यांनी वरून पाहिलं. त्यांचे डोळे ओले होते, आणि आप्पांचेही. मी स्वयंपाकघरात पळाले, पण कान इकडेच.

“बाई,” आप्पा म्हणाले, “बेदाणे आणू का?”

“आणा,” मावशी म्हणाल्या. “डब्यात घाला. घरी जाऊन खाते.”

“घरी न्यायचे नाहीत.” आप्पांचा तो स्टँडवरचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. “इथेच बसून खायचे. तुमच्याच सरकारचा नियम आहे.”

मावशी हसल्या, इतक्या हसल्या की खालाही हसायला लागल्या. मग त्या आत आल्या, आमच्या टेबलाशी बसल्या, आणि आप्पांच्या देखरेखीखाली वाटीभर बेदाणे एकेक करून खाल्ले. तिकिटाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

तेव्हापासून मावशी साडेअकराला येऊन आमच्याकडेच जेवू लागल्या. आप्पांनी तसा हुकूमच काढला. त्याआधी त्या कशा जेवत होत्या हे मला उशिरा कळलं. निखिलची ड्यूटी पार उत्तरेला, मदिनत अश शमालच्या बाजूला, आठवडेच्या आठवडे कॅम्पवर. मी एकदा रात्री काही द्यायला वर गेले तर मावशी ओट्याशी उभ्या राहून, पातेल्यातूनच भात खात होत्या. ताट वाढलेलं नव्हतं. “एकटीसाठी कशाला भांडी,” म्हणाल्या. सगळ्या घरात दोनच खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर इस्त्रीचे कपडे. शुक्रवार-शनिवार सगळ्यांचे घरचे घरी असायचे म्हणून डब्याला सुट्टी. त्या दिवशी मावशी खाली लिफ्टसमोरच्या बाकावर बुटांच्या नाड्या बांधून बसलेल्या दिसायच्या. कुठे निघालात विचारलं की म्हणायच्या, “कुठे नाही. दार उघडलं की कुणी तरी येतं बाहेर.”

आम्ही त्यांना शुक्रवारीही बोलावू लागलो. कधी यायच्या, कधी “तुम्ही घरची माणसं बसा” म्हणून टाळायच्या. त्या टाळायच्या तेव्हा मी फार आग्रह करत नसे. आठवड्याचा एक दिवस आपल्यालाही आपलं घर हवं असतं. हे असंच असतं, आणि मावशींना ते माझ्याआधी माहीत होतं.

मग एके दिवशी निखिलचा प्रकल्प संपला. “खलास,” तो म्हणाला, आखातात वीस शब्दांचं काम हा एक शब्द करतो. नवं काम कझाकस्तानात, कॅम्पवर, तिथे कुटुंब नेता येत नाही. त्याचा इथला व्हिसा गेला की आईचाही जाणार. तिचं पेन्शन तिला जगात कुठेही मिळतं, पण म्हातारपणचा सरकारी दवाखाना अमेरिकेच्या हद्दीतच चालतो, आणि मावशींचे डोळे आणि गुडघे दोन्ही आता दवाखाना मागत होते. ओहायोतल्या त्याच गावात, म्हाताऱ्यांसाठी कमी भाड्याच्या घरांची एक इमारत आहे. तिथे त्यांचा नंबर लागला.

“छान झालं की,” मी म्हटलं. “तुमचंच गाव. तुमचीच माणसं.”

“तिथे आता माझ्या दाराशी डबा येईल, मेधा,” मावशी म्हणाल्या. “आतून दार उघडायचं मला ठाऊकच नाही.”

निघताना त्यांनी लाल पिशवी आप्पांना दिली. आप्पांनी बेदाण्यांचा डबा भरून त्यांच्या हातात ठेवला, आणि त्यांनी तो हात मागे न नेता घेतला. विमानतळावर प्रशांत सोडायला गेला. आप्पा खाली गाडीपर्यंत आले, आणि गाडी वळेपर्यंत हात वर करून उभे राहिले.

मला धास्ती होती की आता परत कडक पोळ्या. पण दुसऱ्याच दिवशी आप्पांनी लाल पिशवी खांद्याला अडकवली. स्वयंपाक येत नाही, म्हणून आत बकाल्यातली केळी आणि मी केलेल्या पोळ्यांची गुंडाळी. साडेअकराला ते नूरबीखालांच्या दारात. खालांच्या सुनेने दार उघडून हात पुढे केला, तर आप्पा म्हणाले, “तुम्ही नाही. खाला कुठेत?” ती बिचारी त्या दिवशी तापाने घरी होती. संध्याकाळी मला फोन करून विचारत होती, तुमच्या सासऱ्यांचं सगळं ठीक आहे ना.

मावशींचा फोन रोज संध्याकाळी यायचा. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची दुपार, जेवणाची वेळ. “खालांचा चेहरा बघितला?” “बघितला.” “पाय सुजलेत का?” “थोडे.” मग इकडचं तिकडचं. तिकडचं त्या फार सांगत नसत. हळूहळू कळलं ते असं, की साथीच्या काळापासून तिथली पद्धत बदलली. रोजचं गरम जेवण बंद झालं. आता आठवड्याची सगळी गोठवलेली पाकिटं एकदम येतात. “घंटी वाजते,” मावशी म्हणाल्या. “मी दारापर्यंत पोचते तोवर गाडी गेलेली असते. मुलं बिचारी घाईत असतात. पन्नास घरं करायची असतात त्यांना.” राग नव्हता त्यांच्या आवाजात. तो असता तर बरं वाटलं असतं.

फोन कायम नुसता आवाजाचा असायचा. कॅमेरा लावा म्हटलं की म्हणायच्या, इथे नेट नीट नाही. मग म्हणायच्या, कॅमेरा बिघडलाय. आप्पा ऐकून घ्यायचे. पण आयुष्यभर गाड्या का उशिरा येतात याची कारणं ऐकलेला तो माणूस. त्याला खरं कारण आणि सांगायचं कारण यातला फरक कळत होता.

परवा संध्याकाळी मी ताटं मांडत होते. फोन आला. खालांची चौकशी झाली, इराच्या परीक्षेची झाली. मग आप्पा म्हणाले, “आता तुमचा.”

“माझा काय?”

“चेहरा.”

“अहो, कॅमेरा…”

“बाई, चेहरा बघितल्याशिवाय डबा नाही. नियम म्हणजे नियम.”

फोनमध्ये काहीच आवाज येईना. मला वाटलं लाइन गेली. आप्पा हलले नाहीत. हातात फोन धरून, केस विंचरलेले, सदऱ्याची बटणं लावलेली, तसेच बसून राहिले. इरा खोलीतून बाहेर आली आणि त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

मग पडद्यावर उजेड झाला. मावशींचे केस मोकळे, पांढरे, कित्येक दिवस न विंचरलेले. दात लावलेले नव्हते, त्यामुळे गाल आत गेले होते. भर दुपारी अंगात गाऊन होता. मागे टेबलावर एक बंद पाकीट पडलं होतं, त्यावरचं दव सुकून गेलेलं. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या, खाली बघत होत्या.

आप्पांनी नीट पाहिलं. डोळ्यांकडे. पाय काही दिसत नव्हते. परत डोळ्यांकडे.

“दिसला,” आप्पा म्हणाले. “जेवा आता.”

“खाते मग, सावकाश.”

“मग नाही. इथेच, माझ्यासमोर.”

मावशींनी मान वर केली. तोंडावर हात घेतला, डोळे पुसले, आणि उठल्या. तिकडे मायक्रोवेव्हचं दार उघडल्याचा आवाज आला. इकडे आमची ताटं वाढून झाली होती. मी आप्पांना हाक मारली नाही. मावशींचं जेवण होईपर्यंत ते फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर बसून राहिले.